अनुभव धागा : जुन्या पुस्तकातलं काय तुमच्या कामात उतरलं?

सर्जनशीलता आणि कृतार्थता यांवर आधीच्या पिढ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. त्यातलं तुमच्या हाताला काय लागलं ते सांगा. पुस्तक-परिचय नको, अनुभव हवा.

*

मी गणित शिकवते. प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने १९०८ मध्ये लिहिलंय, की फुक्सीय फलनं या खास प्रकारच्या फलनांचं अयुक्लिडीय (युक्लिडच्या नियमांपलीकडच्या) भूमितीशी असलेलं नातं त्याला घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना सुचलं. सगळे एवढंच सांगतात. त्याआधीची मेहनत आणि परतल्यावर त्याने केलेली पडताळणी गाळतात! ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये याच क्रमाचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, स्फुरण, पडताळा. मुलं उदाहरणाशी पुरेशी झटली की मी आता उत्तर सांगत नाही, ते दुसऱ्या दिवसावर ठेवते. रात्रभर मुरलेलं उत्तर घेऊन येणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

*

मानसशास्त्रज्ञ मास्लोचं एक म्हणणं मला फार जवळचं वाटतं: दुय्यम चित्रापेक्षा अव्वल सूपमध्ये जास्त सर्जन असतं. मी शिवणकाम करते. ते वाचल्यापासून 'कलाकार' हा शब्द मला परका वाटत नाही.

*

आईच्या दीर्घ आजारपणात माझं चित्र काढणं थांबलं. रंग वाळून गेले. तेव्हा नाझी छळछावणीतून वाचलेल्या मनोविकारतज्ज्ञ फ्रँकलचं १९४६ चं पुस्तक वाचलं. छळछावणीत त्याचं हस्तलिखित हिरावलं गेलं, तेव्हा पुढे तापाने फणफणत असताना कागदाच्या कपट्यांवर त्याने टिपणं काढून ते पुन्हा उभं करायला घेतलं. पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आयुष्याला अर्थ देणाऱ्या तीन वाटा तो सांगतो: काही निर्माण करणं, कुणावर प्रेम करणं किंवा काही उत्कटपणे अनुभवणं, आणि न टळणाऱ्या दुःखाला सामोरं जाण्याची आपली रीत. माझी एक वाट बंद होती, दोन उघड्या होत्या. आईचे केस विंचरताना तिचा चेहरा मी जितका पाहिला, तितका कुठल्याच मॉडेलचा पाहिला नव्हता. चित्रं पुढे परत सुरू झाली. नसती झाली तरी ती वर्षं वाया गेली असं मी म्हटलं नसतं.

*

मी कविता करतो, फारशा छापून येत नाहीत. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात काव्याची सहा प्रयोजनं सांगितली, त्यात यश आणि धन सर्वांत आधी. किती मोकळेपणा! मात्र मुकुटमणी म्हणून तो निवडतो तो काव्यासोबत तत्क्षणी मिळणारा परमानंद. हल्ली नवी कविता झाली, की आधी मित्राला वाचून दाखवतो, मग मासिकाकडे धाडतो.