श्रवण नक्षत्राजवळचे कृष्णमेघ शहरातून टिपण्यासाठी मदत हवी आहे

छत्रपती संभाजीनगरातील गच्चीवरून, ताऱ्यांच्या गतीनुसार कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर आणि १३५ मिमी लेन्स वापरून, मी श्रवण नक्षत्राजवळील बर्नार्ड १४२ व १४३ हे कृष्णमेघ टिपत आहे. मागच्या ताऱ्यांचा उजेड धुळीने अडवल्यामुळेच ते दिसत असल्याने, अश्वशीर्ष मेघामागील तेजोमेघासाठी उपयोगी पडणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजन वायूचा लाल प्रकाशच आत सोडणारा) येथे कामाचा नाही. खरी अडचण पुढे येते: शहराच्या उजेडाचा ग्रेडियंट (छायाचित्रभर कमीजास्त होत जाणारी उजेडाची छटा) काढताना सॉफ्टवेअर मेघालाच पार्श्वभूमी समजते आणि इंग्रजी ‘ई’सारखा त्याचा सुंदर आकार पुसट होतो. अशा वेळी नमुनाबिंदू (सॉफ्टवेअरने पार्श्वभूमी मोजायच्या जागा) नेमके कोठे ठेवावेत? गच्चीवरूनच एकूण एक्स्पोजर (प्रकाश टिपण्याचा वेळ) वाढवत राहावे, की पावसाळा सरताच अमावास्येच्या सुमारास शहराच्या उजेडापासून दूरच्या म्हैसमाळच्या पठारावरून कमी वेळात अधिक साधेल? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.