स्वतःची भाषा बनवतोय, पण फिरून फिरून मराठीच होते. कुठे चुकतंय?

नऊनंबरी_वही

नमस्कार मंडळी. मी नाशिकला असतो, अंबडला कंपनीत आहे, शिफ्टची बस पकडतो आणि त्या बसमध्ये जाऊन येऊन जो तास सव्वातास मिळतो त्यात गेली दोन वर्षं एक उद्योग चाललाय जो मी ऑफिसात कोणालाच सांगितलेला नाही. मी एक भाषा बनवतोय. म्हणजे कोडवर्ड नाही, खरीखुरी, शब्द, व्याकरण, सगळं. एका शंभर पानी वहीत साधारण 400 शब्द झालेत. बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि माझी भाची, ती सहावीत आहे.

प्रॉब्लेम असा की शब्द वाढतायत पण भाषा काही होत नाहीये. उदाहरण देतो. "मी नदीवर पाणी आणायला गेलो" हे माझ्या भाषेत "केम सोरापे झिलू नाथाकू बेरलो" असं होतं. लिहिलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, आता वाचतो तेव्हा मराठीला खोटी मिशी लावल्यासारखं वाटतं. त्यात भाची परवा म्हणाली, मामा तुझ्या भाषेत मला भांडताच येत नाही, भांडायला लागलं की मराठी येतं. हे जरा लागलं मनाला.

दुसरं म्हणजे मी देवनागरीत लिहितो. चोमा म्हणजे चांदणी, माझ्या डोक्यात त्यातला च चहातला आहे, ती वाचते चमच्यातला. आणि बेरस लिहिलं की ती शेवटचा स अर्धाच म्हणते, मला तो पूर्ण हवा होता. काय करावं? कोणी हे केलंय का, का मी एकटाच येडा?

चहात_बिस्कीट

भो, कामधंदा नाही का 😄 मराठी बोलायला माणसं मिळेनात आणि तुम्ही अजून एक काढा. पगार किती मिळतो याचा?

नऊनंबरी_वही

@चहात_बिस्कीट लोक बसमध्ये रील बघतात त्याचा मिळतो तेवढाच.

वर्णमालावाली

तू एकटा येडा नाहीयेस दादा, आणि तुझी चूकही जुनी आहे. बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची एक मठवासिनी होती, तिने साधारण 1000 शब्दांची स्वतःची यादी केली होती, पण जवळजवळ सगळी नामं, आणि वापरायची वेळ आली की वाक्य लॅटिनचं आणि त्यात मध्ये मध्ये तिचे शब्द. तुझी वही तेच करतेय.

आता तुझं वाक्य घेऊ. मराठीत पाच शब्द, तुझ्यात पाच, त्याच क्रमाने, एकास एक. "पे" हिंदीतून आलाय, "कू" तर थेट दखनी (हैदराबादकडची उर्दू), आणि "बेरलो" मधला "लो" गेलो मधला उचललायस, तो बदलायचं तुला सुचलंही नाही कारण तो तुला दिसतच नाही. आपल्याला आपलं व्याकरण दिसत नाही, शब्द तेवढे दिसतात.

एक टेस्ट सांगते. वहीत "लागणे" ला काय शब्द आहे ते बघ. एकच असेल तर पुढची वाक्यं तुझ्या भाषेत कर: भूक लागली, ठेच लागली, दिवे लागले, यादीत नंबर लागला, यायला तासभर लागतो, तो तिचा मामा लागतो, आंबे लागले, ती रडायला लागली. आणि तूच वर लिहिलंयस, मनाला लागलं.

नऊनंबरी_वही

बघितलं. एकच आहे. टुम. भूक टुम, ठेच टुम, मामा पण टुम. अरे देवा.

वर्णमालावाली

😂 सगळ्यांचं होतं. म्हणून नवे शब्द काढणं महिनाभर बंद कर आणि आधी तोंड ठरव, म्हणजे या भाषेच्या माणसाच्या तोंडातून कोणते आवाज निघतात आणि कोणते निघतच नाहीत. त्यासाठी परदेशी तक्ता शोधायला नको, तो पाटीवर गिरवलायस लहानपणी. क ख ग घ ङ ही कंठाची रांग, मग टाळू, मूर्धा, दात, ओठ, आणि उभं बघितलं तर दुसऱ्या आणि चौथ्या खान्यात महाप्राण (ख घ सारखे, ह मिसळलेले), पाचव्यात अनुनासिक (नाकातले). आता त्यातली एक आख्खी रांग नाहीतर एक आख्खा खाना काढून टाक. एखादंदुसरं अक्षर काढून उपयोग नाही, भाषा सहसा रांगेने वागतात. हवाईयनमध्ये व्यंजनं फक्त 8 आहेत आणि प्रत्येक अक्षर स्वरावरच संपतं, म्हणून ती ऐकायला तशी वाहती लागते (लागते! बघ). अरबीत प नाही. तुझ्यात ट ठ ड ढ ण आणि ळ नसले तर काय होईल, नुसतं मोठ्याने वाचून बघ, पहिल्या मिनिटात मराठीपणा निम्मा गळतो.

च चं भांडण मात्र लिपीचं आहे, तुझं नाही. मराठीत चमचा मधला शेवटचा च दंततालव्य (दाताजवळचा) आणि चमच्याने म्हटलं की लगेच तालव्य (चहातला), एकाच शब्दात, आणि लिहायला अक्षर एकच. तू सरळ एकच च ठेव आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही कोणता ते. बेरस साठी पण तसंच, "शेवटचा अ म्हणायचा" हा नियम लिहून टाक आणि जिथे अ नको तिथे हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) वापर. वाचणाऱ्याने अंदाज करायचा नाही.

कसमादे_पट्टा

मी सटाण्याकडचा, घरी अहिराणी. भाऊ मला भाषाशास्त्र वगैरे काही येत नाही पण एक सांगतो. लहानपणी शाळेत मास्तर आम्हाला हसायचे, डोळा म्हण म्हणायचे आणि आम्ही डोया म्हणायचो, काळा ला काया. आम्हाला वाटायचं आपण चुकतोय. नंतर लक्षात आलं की आम्ही चुकत नव्हतो, आम्ही नियम पाळत होतो, ळ चा य, आणि तो एका शब्दाला नाही, कुठेही बघा.

तर तुम्ही सरळ शब्द नका बनवू, शब्दाचा आजा बनवा आणि मग त्याला झिजवा. मराठी पण अशीच झिजलीय की, कर्ण कण्ण कान, सप्त सत्त सात, कर्म कम्म काम. जोडाक्षर आधी एकसारखं डबल झालं, मग एक गळलं आणि त्याच्या बदल्यात आधीचा स्वर लांबला. तुमच्या पाण्याचा आजा समजा झिल्गू असेल तर तो झिग्गू आणि मग झीगू होईल. आणि ओलं ला त्याच आजाचा झिलिगान असेल तर त्यात जोडाक्षरच नाही म्हणून तो तसाच राहील. आता झीगू आणि झिलिगान बघून कोणाला वाटणार नाही की ही भावंडं आहेत, पण आहेत. आपला हात आणि हत्ती तसेच आहेत, हस्त आणि हस्तिन्, सोंडेला हात म्हटलं म्हणून हत्ती. मजा यातच आहे, अपवाद आपल्याला बनवावे लागत नाहीत, ते आपोआप पडतात.

चहात_बिस्कीट

हात आणि हत्ती?? हे माहीत नव्हतं राव. बरं मी माघार घेतो. पण मग आमची च ची भाषा पण भाषाच की, घरी ला चरीघ, पाणी ला चाणीप, आख्खी दुपार वाड्यात बोलायचो, मोठ्यांना काही कळायचं नाही. एका साध्या सर्वनामावरून मार मात्र खाल्लाय, कोणतं ते विचारू नका, करून बघा कळेल.

वर्णमालावाली

केलं मनात 🙈 ती भाषा नाही पण कोडं मस्त आहे, व्याकरण सगळं मराठीचंच राहतं. महानुभावांची सकळ लिपी पण त्याच जातीची, मजकूर मराठी, अक्षरं बदललेली, बाहेरच्याला पोथी वाचता येऊ नये म्हणून. नऊनंबरी, लिपी बनवायचा मोह होईल, आत्ता नको, त्यात सहा महिने जातात आणि व्याकरण तिथेच राहतं.

व्याकरणाचं म्हणशील तर कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आधी मोड. स्टार ट्रेक सिनेमांतल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषा ज्याने बनवली त्या मार्क ओक्रँडने मुद्दाम उलटा क्रम घेतला, आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता, कारण माणसांच्या भाषांत तो फार क्वचित सापडतो आणि त्याला परग्रहावरची भाषा हवी होती. तुला परग्रह नको असेल तर क्रियापद पुढे आण, अरबीत आणि वेल्शमध्ये तसं चालतं.

आणि मराठीतलं चोरायचं असेल तर बघून चोर. "मी पोळी खाल्ली" मध्ये क्रियापद पोळीचं ऐकतं आणि "मी पाणी प्यायलो" मध्ये माझं ऐकतं, दोन्हीकडे मी तोच आणि जेवण तेच. आपण आणि आम्ही हा फरक पण ठेवण्यासारखा आहे, इंग्रजीवाल्यांकडे तो नाही. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे "म्हणे". तो गेला म्हणे. एवढ्याशा शब्दात सांगणारा हात झटकून मोकळा होतो, मी बघितलं नाही बाबा, ऐकलंय. तुर्की भाषेत हे काम क्रियापदाचा प्रत्ययच करतो, डोळ्यांनी पाहिलेल्याचा वेगळा आणि ऐकीव गोष्टीचा वेगळा. मला तुझ्या जागी ते करायला आवडेल.

चहात_बिस्कीट

म्हणजे आमच्या गल्लीत तो दुसरा प्रत्ययच वापरतील सगळे.

एस्पेरांतो_शिकतोय

थोडं वेगळं मत. अपवाद, झीज वगैरे सगळं छान, पण भाची सहावीत आहे, तिला बोलता आलं पाहिजे ना. झामेनहॉफने 1887 मध्ये एस्पेरांतो काढली, व्याकरणाचे नियम 16, नाम ओ वर संपणार, विशेषण आ वर, अपवाद नाही. म्हणून लोक शिकले. टोकी पोना, ही पण बनवलेलीच भाषा, ती तर 14 ध्वनी आणि सुरुवातीला सव्वाशेच्या आसपास शब्द यावर चालते. तुमचे 400 शब्द खरं तर जास्तच आहेत.

वर्णमालावाली

@एस्पेरांतो_शिकतोय बरोबर आहे, पण ती जगाने बोलावी म्हणून केलेली, ही दोघांची. दोघांच्या भाषेला अडगळीची खोली असली तरी चालते, उलट असावीच. आणि सव्वाशे शब्दांत भाचीला भांडायचंय, तिची अवस्था बघा जरा.

नऊनंबरी_वही

तीन आठवड्यांनी येतोय, मध्ये नाईट शिफ्ट होती. काय काय केलं ते सांगतो.

ट ची आख्खी रांग उडवली, ळ पण, महाप्राण सगळे उडवले, त्यामुळे टुम आपोआपच मेला. लागणे चे सहा तुकडे झाले, त्यातला मामा लागणे हा आता वेगळाच धातू आहे, गोर, म्हणजे मी तिला गोरतो. भाचीला हे इतकं आवडलं की ती दिवसभर सगळ्यांना सांगतेय कोण कोणाला गोरतं. कसमादे भाऊंचा झीगू घेतला, महाप्राण गेल्यामुळे जीगू झाला आणि मग शेवटचा ऊ गळतो असा नियम केला म्हणून जीग. खरंच मी काही ठरवलं नाही, तो तसा झाला.

वाक्य आता असं: "बेरस केम सोरावो, नातस जीग." गेलो मी नदीवर, आणलं पाणी. आणायला ला प्रत्यय शोधतच बसलो नाही, दोन क्रियापदं ठेवली आणि सुटलो. शेवटचा स म्हणजे मी स्वतः पाहिलं किंवा केलं. ऐकीव असेल तर हू. वहीच्या पहिल्या पानावर च कोणता आणि शेवटचा अ म्हणायचा हे मोठ्या अक्षरात लिहिलंय.

ज्या शब्दांचा आजा सापडत नाही ते शब्द आता मी ठेवतच नाही, 400 चे 170 राहिलेत. एस्पेरांतोवाल्यांना आनंद होईल.

भांडणाचं पण जमलं थोडं. रविवारी पंचवटीत बहिणीकडे गेलो होतो, बहिणीने भाचीला विचारलं होमवर्क झाला का. ही माझ्याकडे बघत म्हणाली, "नेदहू ओमर." म्हणजे काम संपलं. बहीण म्हणाली काय ते नीट मराठीत सांग, तर म्हणाली, झाला गं आई. मराठीत नुसतं झाला. हू मात्र मी ऐकला होता. मी खाली मान घालून पोहे खाल्ले.

कसमादे_पट्टा

😂😂 पोरगी शिकली.

चहात_बिस्कीट

मला पण पाठवा ते पहिलं पान. बायकोला "मी स्वतः पाहिलं" वाला प्रत्यय शिकवायचा नाही एवढीच अट.