सोरॉरिटी हा शब्द नंतरचा आहे

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या मुलींच्या क्लबला पहिल्यापासून सोरॉरिटीच म्हणायचे, तर तसं नाहीये. आधी त्याही मुलांच्या क्लबसारख्या चक्क फ्रॅटर्निटीच होत्या, आता लॅटिनमध्ये फ्रॅटर म्हणजे भाऊ, मग मुलींना ते कसं चालायचं! अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात 1874 मध्ये गॅमा फाय बीटा हा मुलींचा क्लब निघाला, तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापक फ्रँक स्मॉलींना हे खटकलं आणि त्यांनी सोरॉर म्हणजे बहीण यावरून सोरॉरिटी सुचवलं. गंमत म्हणजे आपल्याकडचे संस्कृत भ्रातृ आणि स्वसृ याच घराण्यातले :)

आणि डेल्टा सिग्मा थीटा ही सोरॉरिटी राहिलीच की, हॉवर्ड विद्यापीठाच्या 22 कृष्णवर्णीय मुलींनी जानेवारी 1913 मध्ये काढली आणि दोनच महिन्यांत, 3 मार्चला, वॉशिंग्टनच्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या पण. नुसत्या पार्ट्या नव्हत्या हो!