सोळाव्या वर्षी स्वतःची फाईल मागणाऱ्या मुलीला थांबवायचं का?

कृष्णाकाठची

आमच्या घरी प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे दत्तक न घेता आमच्या सांभाळात, राहणारी मुलगी यंदा दहावी झाली. वय सोळा. बालगृहातून आमच्याकडे आली तेव्हा चौथीत होती. मला मावशी म्हणते, ह्यांना काका. अकरावीच्या प्रवेशासाठी कागद गोळा करताना, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीच्या एका जुन्या आदेशाची झेरॉक्स तिच्या हाती लागली. त्यात आईचं पूर्ण नाव होतं. तेव्हापासून तिची एकच मागणी आहे: माझी फाईल मला वाचायची आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. तिचे आईवडील ऊसतोडीला यायचे. वडील हंगामातच वारले, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, अंगावर राहिली, आणि आईनं स्वतः अर्ज करून पाच वर्षांच्या पोरीला बालगृहात ठेवलं. सुरुवातीला दिवाळीला भेटायला यायची, मग येणं बंद झालं. पोरीला आठवतं ते एवढंच: पाचटाची कोपी, पहाटेच्या अंधारात जुंपलेली बैलगाडी आणि आईच्या कडेवरचा धाकटा भाऊ. त्या भावाचं पुढे काय झालं, हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. तो आईजवळ राहिला की त्यालाही कुठे ठेवला? जेवता जेवता मध्येच विचारते, उत्तर नाही म्हटल्यावर गुमान भाकरी मोडायला लागते.

माझं मत पक्कं आहे. फाईल तिला आत्ता वाचायला मिळाली पाहिजे, शेजारी तिच्या विश्वासाचं माणूस असताना. आईला भेटायचं का, कधी, कसं, हे पुढचं. त्याला लागेल तेवढा वेळ घेऊ. पण जी पाच वर्षं तिची स्वतःची आहेत ती सरकारी कपाटात राहणार आणि तिनं अठराव्या वाढदिवसापर्यंत कळ काढायची, हे मला पटत नाही. दत्तक गेलेल्या मुलांसाठी निदान मूळ शोधाचा, म्हणजे जन्मदात्यांचा माग काढण्याचा, नियम २०२२ च्या दत्तक नियमावलीत लिहिलेला आहे. प्रतिपालकत्वातल्या मुलांना तसा सरळ रस्ता नाही. नातेवाईक म्हणतात, कशाला खपली काढताय. इथल्या लोकांना काय वाटतं?

माणदेशी

ताई, तुमची तळमळ समजते, पण मी विरोधात आहे. बालसंरक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्या अनुभवावर बोलतो.

आधी नियमाचं. दत्तक नियमावलीतला मूळ शोधही मोकळा नाही. अठराच्या आतलं मूल असेल तर त्यानं दत्तक आईवडिलांबरोबर अर्ज करायचा असतो. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी त्यांची संमती घ्यावी लागते. मुलाच्या हक्कानं जन्मदात्यांच्या खासगीपणावर गदा येता कामा नये, असं त्यात स्पष्ट आहे. हे उगाच लिहिलेलं नाही.

आता त्या आईकडे बघा. तरणी विधवा, डोक्यावर उचल. ती पुढे काय करणार? बहुतेक वेळा दुसरं घर. आणि त्या घरात पहिली मुलगी बालगृहात असल्याचं सांगितलेलं असेलच असं नाही. आम्ही अशा चौकशीला गावात जायचो तेव्हा पारावरच विचारणा व्हायची, कुणाकडं आलाय, काय काम आहे. तुम्ही काहीही सांगा, संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलेलं असतं की अमक्याच्या सुनेला भेटायला सरकारी माणसं आली होती. तुम्ही निघून येता, ती बाई तिथेच राहते. तिला कुणी विचारलंय का, की तुझी लेक शोधतेय, चालेल का? मुलीचा हक्क बोलायला तुम्ही आहात. तिच्या बाजूनं इथे कुणी नाही, म्हणून मी बोलतो.

आजोळ

माणदेशींशी सहमत, आणि एक जास्तीची भीती मांडते. माझं सगळं आयुष्य बीड जिल्ह्यात शिक्षिका म्हणून गेलं. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, जोडीचा एक कोयता धरतात आणि उचल त्या हिशेबानं मिळते. मुलींची लग्नं लवकर उरकण्यामागे हे एक मोठं कारण आहे. दिवाळीनंतर वर्गातली बाकं रिकामी व्हायची, आणि हंगाम संपल्यावर काही मुली परत यायच्याच नाहीत. चौकशी केली की कळायचं, लग्न झालं.

आता सोळा वर्षांची, दहावी झालेली, धडधाकट मुलगी चुलत्या-मामांना सापडली तर ते काय करतील? बाल न्याय कायद्यातच मुलाला शक्य तितक्या लवकर स्वतःच्या कुटुंबात परत पाठवण्याचं तत्त्व आहे. उद्या त्यांनी समितीपुढे उभं राहून आमची मुलगी आम्हाला द्या म्हटलं तर? समिती लगेच देईल असं नाही, पण पोरीच्या मनावर ओढाताण होणारच. 'आई आजारी आहे, ये एकदा' एवढा एक फोन पुरतो. बारावी होऊ द्या, अठरा पूर्ण होऊ द्या. मग तिचं लग्न तिच्या मर्जीविरुद्ध लावणं तरी एवढं सोपं नसेल.

वसतिगृहातली

मी स्वतः बालगृहात वाढले, आता पुण्यात नोकरी करते. वरच्या दोघांचं वाचलं आणि राहवलं नाही.

सगळे म्हणतात, अठरापर्यंत थांब. अठराव्या वर्षी काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे का? बालगृह सुटतं. अनुरक्षण गृहात, म्हणजे बालगृह सोडलेल्यांसाठीच्या निवाऱ्यात, जागा मिळाली तर एकवीसपर्यंत आसरा, नाही तर मैत्रिणीची खोली. त्याच महिन्यात आधार, बँक, रेशन, कॉलेजची फी, सगळं एकदम अंगावर येतं. ओळखीच्या ताई, समुपदेशक, गृहमाता मागे राहतात. आणि नेमका तोच मुहूर्त तुम्ही फाईल उघडायला काढता? माझी फाईल मी एकटीनं वाचली, कार्यालयातल्या बाकावर, समोर शिपाई चहाचे कप गोळा करत होता. वडिलांनी मला ठेवताना काय कारण लिहून दिलं होतं ते मला तिथे कळलं. बाहेर येऊन कुणाला फोन करावा हेच सुचेना.

ह्या मुलीला आज घर आहे, मावशी आहे, काका आहेत. वाईट बातमी ऐकायला ह्यापेक्षा बरी जागा तिला पुन्हा मिळणार नाही.

आणि आजोळताई, लग्नाची भीती खरी आहे. पण तिच्याकडे आईचं नाव आहे आणि हातात मोबाईल आहे. आपण नाही म्हटलं तर ती इन्स्टाग्राम-फेसबुकवर त्या गावची आडनावं शोधत बसेल. पहिला निरोप कुणा मामाला जाईल, तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मी हेच केलं असतं. माझ्या खोलीतल्या मुलींनी केलंय.

माणदेशी

मोबाईलवर शोधेल म्हणून आपणच पत्ता हातात द्यायचा, हे मला मान्य नाही. अठराव्या वर्षी मुलं एकटी पडतात हे मात्र अगदी खरं आहे. त्यावर उपाय अनुरक्षणाची व्यवस्था सुधारणं हा आहे, फाईल अलीकडे ओढणं हा नव्हे.

कृष्णाकाठची

सगळ्यांचं वाचते आहे. माणदेशी दादा, त्या माउलीच्या बाजूनं तुम्ही बोललात हे बरं झालं, कारण आमच्याही घरात तिच्याबद्दल कडवट बोललं जातं आणि ते मला सहन होत नाही. बालसंगोपन योजनेत एकल आईच्या मुलालाही मदत मिळू शकते. आता ती महिन्याला २,२५० रुपये आहे. ह्या आईनं लेक ठेवली तेव्हा ४२५ होती. कोपीत राहणाऱ्या, सहा महिने जिल्ह्याबाहेर असणाऱ्या बाईपर्यंत तीही पोचली नसणार. तिनं मुलगी टाकली नाही, अर्ज करून सुरक्षित जागी ठेवली. हे पोरीला कळायला नको का? आज ती काय समजून बसली आहे सांगू? भाऊ मुलगा म्हणून ठेवला आणि मला दिलं. फाईलमध्ये कदाचित हेच खरं निघेल, कदाचित वेगळं. पण अंदाजापेक्षा कागद बरा.

आणि एक फरक तुम्ही सगळेच पुसून टाकताय. फाईल वाचणं म्हणजे आईच्या दारात जाणं नव्हे. बाल न्याय कायद्याचं कलम ९९ बघा. समितीपुढचे अहवाल गोपनीय असतात, पण समितीला योग्य वाटलं तर त्यातला आशय ती मुलाला सांगू शकते. म्हणजे दार कायद्यानं बंद केलेलं नाही, ते उघडायचं का हे समितीच्या हातात आहे. कलम ३ मध्ये मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्व आहे, त्याचं वय आणि समज लक्षात घेऊन. सोळा वर्षांच्या मुलीला समज नाही असं म्हणणार का कुणी? ह्याच कायद्यात अतिशय गंभीर, निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर सोळा वर्षांच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवता येतं का हे तपासतात. तिथे समज धरायची आणि इथे नाही?

नेदरलँड्सहून पुणेकर

थोडं बाहेरचं, पण जोडलेलं. १९७०-८० च्या दशकांत महाराष्ट्रातून युरोपात दत्तक आलेली माणसं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यातल्या काहींचे मराठी कागद मी वाचून दाखवतो. कुणाच्या कागदावर आईच्या नावाऐवजी नुसती रेघ, कुणाच्या कागदावर गावाचं नाव असं लिहिलेलं की तीन तालुक्यांत तशी गावं निघतात. ज्यांनी लिहिलं ते हयात नाहीत, संस्था बंद झालेल्या. इथल्या सरकारनं नेमलेल्या समितीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशी दत्तकांतल्या गैरव्यवहारांवर अहवाल दिला आणि नवे दत्तक काही काळ थांबले, पण ज्यांचे कागदच कच्चे होते त्यांना त्यातून आई मिळाली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ह्या मुलीच्या अर्जावर मुकादमाचं नाव असेल, तो आज जिवंत असेल, कारखान्याच्या तोडणीच्या यादीत वडिलांचं नाव सापडेल. दहा वर्षांनी ह्यातलं काय उरेल? भेट नंतर होऊ दे, पण माहिती आत्ता गोळा करून ठेवा.

आजोळ

हे मला पटलं. माहिती गोळा करून ठेवण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध ती मुलीच्या हातात देण्याला आहे. तुम्ही दोघं वाचा, समुपदेशक वाचेल, आणि पेलेल तेवढं तिला सांगा.

वसतिगृहातली

ताई, 'पेलेल तेवढं' हे कोण ठरवणार? माझ्याबाबतीत मोठ्यांनी तसंच ठरवलं होतं. आई वारली हे मला न पेलणारं वाटलं म्हणून सांगितलं नाही. मी ती येईल म्हणून वाट बघत राहिले, नवीन फ्रॉक तिच्यासमोर घालायचा म्हणून बाजूला ठेवायचे. तो फ्रॉक लहान झाला. एखाद्या अंगावर येणाऱ्या मजकुराची आधी कल्पना द्या, दोन बैठकांत वाचा, पण पानं काढून ठेवू नका. एक पान काढलंय हे कळलं तर मुलगी बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवत नाही.

माणदेशी

ठीक. मी एक पाऊल पुढे येतो. फाईलचा आशय तिला समुपदेशकासमोर कळावा, ह्याला माझी हरकत नाही. पण दोन गोष्टी सोडणार नाही. आईचा सध्याचा ठावठिकाणा मुलीला कळण्याआधी आईला विचारलं गेलं पाहिजे. तेही जीप घेऊन नाही. एखादी आशा ताई किंवा अंगणवाडी सेविका, जी त्या घरात एरवीही जाते, तिच्यामार्फत, बाई एकटी असताना. आणि आई नको म्हणाली तर ते नको मुलीपर्यंत नीट पोचवायचं, कारणासकट. दत्तकाच्या नियमातही तसंच आहे: जन्मदात्यांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत तर मूल सोडण्यामागची कारणं आणि परिस्थिती मुलाला सांगायची.

दुसरं, भावाचं. तो आता बारा-तेरा वर्षांचा असेल, म्हणजे तोही अल्पवयीन. त्याचीही एक फाईल असू शकते. त्याला बहीण आहे हे त्याला ठाऊक आहे का, हा विचार तुमच्यापैकी कुणीच केलेला नाही.

कृष्णाकाठची

दादा, भावाचा मुद्दा तुम्ही काढलात आणि मी तो तसाच पोरीला सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्याला त्रास होणार असेल तर मला त्याचं गाव नको, तो आहे एवढं सांगा.

अर्ज तयार केलाय. तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलाय, मी फक्त कलम ९९ चा उल्लेख घालायला सांगितला. त्यात तीन मागण्या आहेत: फाईलचा आशय समुपदेशकासमोर वाचायला मिळावा, भाऊ कुठल्या संस्थेत दाखल झाला होता का ते सांगावं, आणि आईकडे तुम्ही म्हणता तशी, बोभाटा न होता, विचारणा व्हावी. आईचा पत्ता मागायचा की नाही ह्यावर आमच्या घरात अजून वाद आहे. ह्यांचं म्हणणं, माणदेशी म्हणतात तसं थांबावं. तिचं म्हणणं, अर्जात लिहू दे, समितीनं नाही म्हटलं तर नाही. मी तिच्या बाजूनं आहे. सोमवारी समितीची बैठक असते, त्या दिवशी देणार आहोत.

आजोळ

तिच्याबरोबर तुम्ही दोघं जा. आणि लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका.