चर्चा: जंतुनाशक साबणाने आपण त्वचेचे राखणदारच मारतोय का?

घुबड:
अंगावरचे जिवाणू म्हणजे घाण, असं समजून आपण ते घासघासून काढतो. आणि त्यातलेच काही कर्करोगाला अडवणारे निघाले! २०१८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांना स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या कातडीवरच्या नेहमीच्या जिवाणूचा असा एक वाण सापडला, जो ६-एचएपी नावाचं रसायन बनवतो. त्यामुळे गाठीतल्या पेशींना नवा डीएनए तयार करता येत नाही. बिनकेसाच्या उंदरांना हा वाण लावला, वर अतिनील किरणांचा मारा केला, तरी गाठी कमी आल्या. माझं मत: जंतुनाशक साबण बंद.

तिरकस:
उंदरावरून थेट न्हाणीघरात उडी? त्या प्रयोगात साबणाचा संबंधच नव्हता. ज्या उंदरांशी तुलना केली, त्यांनाही एपिडर्मिडिसच लावला होता, फक्त ६-एचएपी न बनवणारा. म्हणजे जात तीच, पण एक वाण कामाचा, दुसरा नाही. तुमच्या कातडीवर कुठला नांदतोय, ठाऊक आहे? शिवाय ६-एचएपी स्वतःच जनुकांत बिघाड करणारं म्हणून बदनाम आहे.

घुबड:
बदनाम आहे, पण त्याच निबंधात पुढे वाचा की. त्वचेच्या निरोगी पेशींत ते निकामी करणारी एमएआरसी नावाची एन्झाइम्स असतात. उंदरांना ६-एचएपी शिरेतून टोचलं तेव्हा मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या, गाठींची वाढ मंदावली आणि विषबाधाही दिसली नाही.

अबोली:
दोघंही एकाच जिवाणूला धरून बसलात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या त्याच्या भाऊबंदाचं काय? उन्हाने खरखरीत झालेल्या ॲक्टिनिक केराटोसिसच्या चट्ट्यांवर आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगात तो जास्त आढळतो. आता तो कर्करोगाला हातभार लावतो, की कातडीचा बांध फुटलाय म्हणून आयता घुसतो, हे नुसत्या स्वॅबवरून ठरत नाही. पण २०१५ चा एक प्रयोग घुबडरावांना पचणार नाही. त्यात उंदरांच्या जखमेवर गाठी येत होत्या, आणि जिवाणूंच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन प्रतिकारयंत्रणेला चिथवून त्यांना खतपाणी घालत होतं. प्रतिजैविकं दिली तर गाठी घटल्या. इथे जंतू मारणंच फायद्याचं ठरलं!

घुबड:
ते उंदीर जनुकं बदललेले होते, आणि वर जखम. धडधाकट कातडीला तो न्याय कसा लावणार?

तिरकस:
अच्छा, आता उंदीर चालत नाहीत? 😀 २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने याच एपिडर्मिडिसमध्ये मेलानोमाच्या प्रथिनाचे तुकडे बसवले आणि तो उंदरांच्या डोक्यावर चोळला. त्यातून तयार झालेल्या टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या लढाऊ पेशींनी, गाठी रोखल्या. हे मला खरंच भारी वाटतं. पण ते प्रयोगशाळेत घडवलेलं औषध झालं, साबण सोडून आपोआप मिळणारं नाही. उद्या कुणी 'प्रोबायोटिक' क्रीम याच नावाखाली विकेल आणि लोक सनस्क्रीन सोडून ते फासतील, माझी धास्ती ती आहे.

अबोली:
त्या धास्तीशी सहमत. महिनोन्‌महिने न भरणारी जखम किंवा रंग-आकार बदलणारा तीळ असेल, तर तिथे ना साबण, ना क्रीम; त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

घुबड:
सनस्क्रीन सोडा असं मी कुठे म्हटलं? अतिनील किरणांबद्दल वादच नाही. पण धडधाकट कातडीला रोज जंतुनाशक कशाला, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.