मार्स्ट्रँड : स्वीडनमधलं मुक्त बंदर, माहिती हवी

चोपडेकर
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ नोकरीसाठी गोथेनबर्गला असतो. त्याने जवळच्या मार्स्ट्रँड बेटाचे फोटो पाठवले. म्हणतो, इथे एकेकाळी जकात नव्हती, कायदेही वेगळे, कर्जबुडवे खुशाल येऊन राहायचे. राजा असताना असं गाव चालू कसं दिलं? भाऊ जरा थापाड्या आहे, म्हणून विचारतो.

नाकेदार (धुळे)
थापा नाहीत भो. चालू कसलं देतो, राजानेच काढलं ते! तिसऱ्या गुस्ताव्हने १७७५ मध्ये मार्स्ट्रँड मुक्त बंदर जाहीर केलं. बंदर हिवाळ्यातही गोठत नाही, आत-बाहेर करायला दोन तोंडं, वर कार्लस्टेन किल्ल्याचा पहारा. जागा बरोबर हेरली होती.

माझी सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली, म्हणून त्या भाषेत सांगतो. सुरतेहून नागपूरला निघालेला साड्यांचा ट्रक धुळ्यात माल उतरवणार नसला, तर जकात नाही, पारगमन पावती फाडायची नि सोडायचा. मार्स्ट्रँड म्हणजे तसल्या पावतीवर वसवलेलं गाव. परदेशी माल उतरवा, साठवा, विका, परत जहाजात भरा, कर नाही. तोच माल स्वीडनात न्यायचा म्हटला की नाका आलाच. आणि नाका आला की चोरवाट येते. केळीच्या घडांखालून काय काय निघायचं, ते आम्ही पाहिलंय.

माणसांनाही मोकळीक होती. देश कोणता, धर्म कोणता, कोणी विचारायचं नाही. बाकी स्वीडनात ज्यूंना फारसं कुठे राहू देत नव्हते; इथे जुन्या फ्रेड्रिक्सबोर्ग गढीत त्यांचं प्रार्थनास्थळ झालं. कर्जबुडव्यांनाही आसरा मिळे, भारी गुन्हेगार सोडून. एवढं असूनही याला स्वायत्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सनद राजाची, मर्जी राजाची.

धंदा मात्र जोरात चालला, कारण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं आणि स्वीडन तटस्थ. १७८३ ला तह झाला नि गिऱ्हाईक पांगलं.

अमळनेरचा भाचा
बायकांच्या वेषात चोऱ्या करणारा लासे-माया याच गावात आसऱ्याला होता ना, काका?

नाकेदार (धुळे)
आसऱ्याला नाही रे बाबा, कैदेत! आणि तो नंतरचा. १८१३ ते १८३८ कार्लस्टेनमध्ये होता. गुस्ताव्हला १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात गोळी घातली, त्यातच तो गेला. पुढे १७९४ मध्ये मुक्त बंदर बंद.

एरंडोलवाले
याच गुस्ताव्हने १७८४ मध्ये फ्रान्सकडून कॅरिबियनमधलं सेंट बार्थेलेमी बेट घेतलं, बदल्यात फ्रेंचांना गोथेनबर्गमध्ये व्यापाराचे हक्क दिले. तिथेही मुक्त बंदर केलं. त्या गावाचं नाव अजून गुस्ताव्हियाच आहे.

चोपडेकर
धन्यवाद काका. त्या गढीचं आता काय उरलंय, ते भावाला बघून यायला सांगतो. उन्हाळ्यात तिथे शिडाच्या बोटींची गर्दी असते म्हणे, तेव्हाच जाईल तो.