गर्भपात क्लिनिकच्या दारात पोलिसांची रेघ हवी की नको?

ओंजळ: मैत्रिणीसोबत बॉस्टनमधल्या एका क्लिनिकला गेले होते. गाडीतून उतरल्यापासून दोन बायका आणि एक माणूस आम्हाला चिकटून चालत राहिले. "बाळाला मारू नकोस गं," हेच सारखं. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की रात्री बोटांचे वळ दिसत होते. समोर पोलीस उभा. तो म्हणाला, वाट अडवली नाही, हात लावला नाही, मी काय करू?

२००७ पासून इथे मॅसॅच्युसेट्स राज्यात दारापासून ३५ फुटांवर रेघ होती; तिच्या आत येणाऱ्या-जाणाऱ्यांशिवाय कोणी थांबायचं नाही. कोण काय बोललं ते पोलिसाला तोलावं लागत नसे. पाय रेघेच्या आत की बाहेर, एवढंच बघायचं. ती रेघ परत हवी. १९९४ मध्ये शेजारच्या ब्रुकलाइनमध्ये एका गर्भपातविरोधी माणसाने दोन क्लिनिकांत दोन रिसेप्शनिस्टना गोळ्या घालून मारलं होतं.

कवडसा: ताई, मैत्रिणीचे हाल वाचून वाईट वाटलं. तरी रेघ नकोच. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली ती ९-० अशी, उदारमतवादी न्यायाधीशांसकट. खटला लढणाऱ्या आजी सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांना बायकांशी हळू आवाजात बोलायचं होतं. ब्रुकलाइनचा खुनी रायफल घेऊन आला होता, त्याला रेघेने काय अडवलं असतं? अडवणूक, धमकी, मारहाण यांसाठी क्लिनिकची वाट मोकळी ठेवणारा १९९४ चा केंद्रीय फेस कायदा आहेच, आणि तो प्रार्थनास्थळांनाही तेच संरक्षण देतो. इंग्लंडमध्ये तर बोर्नमथला क्लिनिकजवळच्या बंदी-क्षेत्रात मनातल्या मनात प्रार्थना करणारा माणूस २०२४ मध्ये दोषी ठरला. तुम्हाला हे हवंय?

ओंजळ: त्याला अधिकाऱ्याने आधी जायला सांगितलं होतं, तो हलला नाही. तरी माझा जीव इंग्लंडसारख्या १५० मीटरच्या बंदीत नाही, ३५ फुटांत अडकलाय. दहा-बारा पावलं. तेवढी तरी बाईला एकटीने चालू द्या. रेघेने गोळी अडत नाही, कबूल. पण आजी हळू बोलतात आणि त्यांच्यामागचा माणूस ओरडतो, तेव्हा पोलिसाने कोणाला हटवायचं?

पाणवठा: ओरडणाऱ्याला, त्याने वाट अडवली तर! मॅसॅच्युसेट्सचा २०१४ चा नवा कायदा वाट अडवणाऱ्याला २५ फूट लांब पाठवायला सांगतोच. माझा प्रश्न वेगळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फेस कायद्याखाली दोषी ठरलेल्या २३ जणांना माफी दिली. मग दारातल्या पोलिसाने कोणाच्या भरवशावर हात पुढे करायचा?

कवडसा: त्या माफीचं समर्थन मी करणार नाही. दार अडवणारे वेगळे, बोलणारे वेगळे, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

ओंजळ: मग पुढच्या शनिवारी माझ्यासोबत चला. दारापर्यंत चालून बघा.